नऊ नंबरच्या खोक्यातली पाकळी

जुलै सरत आला की आमच्या बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर पूर्वेचा वारा सुटतो. पहाटे अंगावरचं पांघरूण गळ्यापर्यंत ओढावं लागतं, समुद्र काळपट दिसतो आणि डोंगराकडची बारीक धूळ दाराच्या फटीफटीत येऊन बसते. पाऊस नाही, ढग नाही, नुसता कोरडा चावरा वारा. अशा सकाळी मेन सुमिती पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यात आधी टाकीच्या पाण्यात कोपर बुडवायची. तापमापक भिंतीला टांगलेला असे. तो मालकांसाठी. कोपर तिच्यासाठी.

"आज बाटल्या दोनच," ती मला सांगायची. म्हणजे वाऱ्यानं पाणी आधीच गार आहे, खोक्यात बर्फाच्या बाटल्या दोनच घालायच्या. मी वहीत लिहायचो. मागाहून तापमापक बघितला तर तोही तेच म्हणायचा, फक्त उशिरा.

मेन म्हणजे आई. आमच्याकडे पहिलं लेकरू झालं की आईबापाचं स्वतःचं नाव मागं पडतं. सुमितीची आई ती मेन सुमिती, सुमितीचा बाप तो पान सुमिती. तिचं जन्मनाव कागदावर होतं, आणि कागद मी भरायचो म्हणून मला ठाऊक. गावात विचाराल तर तिच्या सख्ख्या जावेलाही आठवायचं नाही. सुमिती लग्न होऊन डोंगरापलीकडे गेली त्याला सात वर्षं झाली, तरी तिचं नाव मात्र आईच्या अंगाला चिकटून इथंच राहिलं. बाई पन्नाशी ओलांडलेली, ठेंगणी, रुंद पंजाची. बोटांची टोकं खाऱ्या पाण्यानं कायमची सुरकुतलेली.

आमचं काम प्रवाळ पाठवायचं. समुद्रात तळाशी लोखंडी खाटा मांडून, सिमेंटच्या टिकल्यांवर वाढवलेलं जिवंत प्रवाळ. दूरदेशीचे लोक ते घरात काचेच्या पेटीत ठेवतात आणि संध्याकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतात म्हणे. ट्रक दुपारी निघतो, डोंगर चढून उतरून विमानतळ गाठतो, आणि तिथून पुढं दीड दिवस. तेवढ्यात त्याला ना उजेड, ना लाट, ना घास. पिशवीतलं ओंजळभर पाणी आणि वर कोंडलेली हवा, एवढ्यावर जीव धरायचा. म्हणून सगळं बांधणाऱ्याच्या हातात.

आदल्या दिवशी प्रवाळांना उपास. स्वच्छ पाण्यात ठेवून अंगावरचं बुळबुळीत, पोटातलं, जे काय असेल ते तिथंच टाकू द्यायचं. नाहीतर ते पिशवीत टाकतं आणि स्वतःच्याच घाणीत गुदमरतं. सकाळी टब पुढ्यात घ्यायचा. इथं बाकीच्या बाया घाई करायच्या आणि मेन सुमिती थांबायची. मांसल जातीचं प्रवाळ पाण्यात बोटं पसरून फुललेलं असतं. तसंच पिशवीत कोंबलं तर त्याचं मांस त्याच्याच हाडावर फाटतं. मेन बोटाच्या पेरानं टबाच्या कडेवर तीनदा टकटक करायची आणि हात मांडीवर ठेवून बसून राहायची. पुन्हा टकटक. हळूहळू एकेक बोट आत जायचं, रंग उतरायचा, शेवटी नुसता खडबडीत दगड उरायचा. मग ती म्हणायची, "हं. मिटली. चला."

मग ते थर्माकोलच्या गोल चकतीला रबरानं बांधायचं. पाण्यात सोडलं की चकती वर तरंगते आणि प्रवाळ खाली उलटं लटकतं, वटवाघळासारखं. कुठं टेकत नाही, पिशवीला टोचत नाही. या चकत्या पान सुमिती कापायचा. एकेकाळी गावातला सगळ्यात दमदार पाणबुड्या होता तो. होडीवरच्या यंत्रातून नळीनं हवा घेत एकदा फार खोल गेला, फार वेळ राहिला, आणि वर आला तो कमरेखाली अर्धा मेलेला. त्याला बारा वर्षं झाली. आता अंगणात बसून थर्माकोल कापायचा. बायको टेबलावर म्हणून चकत्या त्याच्याकडे. बायको टेबलावरून उठली की चकत्याही उठल्या, हे शेडमध्ये सगळ्यांना माहीत होतं.

पिशवी दुहेरी, पाणी तिसरा हिस्सा, बाकी नळीनं भरलेला ऑक्सिजन. तोंड पिळायचं, दुमडायचं, रबर चढवायचं. मग मेन पिशवी कानाशी धरायची. सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी ते शिट्टी मारतं, आणि ती शिट्टी तिलाच ऐकू यायची. लुह आर्सिनी म्हणून एक नवी पोरगी होती, सात महिन्यांपूर्वी लागलेली, घरी तान्हं मूल, पण शेडमध्ये अजून जन्मनावानंच ओळखली जाणारी. ती विचारायची, "मेन, काय सांगतंय वो त्ये?"

"तुज्या सासूची गाऱ्हाणी," मेन म्हणायची, आणि दुसरी पिशवी कानाला लावायची.

खोकी भरणाऱ्या चौघी, पण झाकण घालायचा मान मेनचा. वर्तमानपत्राचा शेवटचा थर ती पसरायची, झाकण दाबायची, चिकटपट्टी ओढायची. आणि त्या शेवटच्या कागदाखाली, कुणी बघतंय न बघतंय अशा बेतानं, एक चाफ्याची पाकळी. नारळाच्या पानाच्या द्रोणात फुलं घालून ती रोज सकाळी टेबलाच्या कोपऱ्यावर देवाला वाहायची, उदबत्ती लावायची. त्यातलीच एकेक. दर खोक्याला एक. नऊ वर्षं.

मला ते माहीत होतं. आणि मीच तो कागद भरायचो, ज्यावर एक ओळ असते: या मालात माती, बी, पान, फूल अथवा झाडाचा कोणताही भाग आहे काय? त्या ओळीसमोर मी नऊ वर्षं 'नाही' लिहीत आलो. आपण खोटं लिहितोय असं एकदासुद्धा मनात आलं नाही. देवाला वाहण्याआधी ते फूल होतं. वाहिल्यावर त्याला फूल कोण म्हणतं?

त्या बुधवारी बावीस खोकी गेली.

शुक्रवारी सकाळी मालकांनी, पाक मर्तांनी, सगळ्यांना टेबलाशी बोलावलं. पाक हे आमच्याकडं मोठ्या माणसाच्या नावाआधी मानानं लावतात. मेन सुमिती त्या दिवशी नव्हती. वाडीतल्या एका घरी वयात आलेल्या पोराचे पुढचे दात कानशीनं घासून सारखे करायचा विधी होता, तिथं राबायला गेली होती. दुसऱ्याच्या कार्याला राबलं नाही तर आपल्या मर्तिकालाही कुणी येत नाही. पाक मर्तांनी फोन पुढं धरला. फोटोत आमच्याकडचं वर्तमानपत्र, त्याच्यावर कडा तपकिरी पडलेली एक चाफ्याची पाकळी, आणि पाकळीशेजारी मोजपट्टी. जणू खून झालाय आणि हत्यार सापडलंय. तिकडच्या विमानतळावर एक खोकं उघडून बघितलं होतं. झाडाचा भाग, न कळवता आणलेला. सगळी बावीस खोकी अडकवून ठेवली होती, सुटतील कधी ते माहीत नाही, आणि सुटेपर्यंत आत काय उरेल तेही माहीत नाही.

खोकं नऊ नंबरचं. दर खोक्यात भरणारीच्या नावाची चिठ्ठी असते, यात ती लुह आर्सिनीची.

पाक मर्ता ओरडणाऱ्यातले नाहीत. त्यांनी हळूच विचारलं, हे तू ठेवलंस का. लुह खाली बघत राहिली. दुसऱ्या दोघींनी छपराकडं बघितलं. मी माझ्या वहीकडं. एवढ्या वेळात कुणीही एक शब्द बोललं असतं तर पुरलं असतं. पाक मर्ता म्हणाले, मी सांगेपर्यंत येऊ नकोस. लुहनं पुढचं फडकं सोडलं, नीट चौकोनी घडी केली, टेबलावर ठेवली आणि गेली. जाताना रबरांची वाटी कडेला होती ती आत सरकवून गेली, कुणाचा धक्का लागून सांडू नये म्हणून.

संध्याकाळी मी मेनच्या घरी गेलो. ती अंगणात तांदूळ निवडत बसली होती. दुसऱ्या दिवशी तुंपेक उदुह, झाडांचा सण. झाडांना तांदळाची पेज घालायची असते. पान सुमिती भिंतीला टेकून थर्माकोल कापत होता. पांढरा भुगा वाऱ्यानं अंगणभर पळत होता आणि कोंबडी त्याच्यामागं.

"बस, तुत," मेन मला म्हणाली. "कॉफी घे. त्वांड का असं वाळलंय?"

मी सगळं सांगितलं. ती सूप हलवायची थांबली.

"आन् लुह काय म्हणली?"

"काही नाही. खाली बघत राहिली."

"आन् तू?"

मी पेल्यातल्या गाळाकडं बघितलं.

"म्हंजे तूबी खालीच बघितलंस," ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

पान सुमितीनं सुरी खाली ठेवली. तो सहसा मधे बोलत नाही. आता मात्र बोलला, बायकोकडं न बघता, भुग्याकडं बघत. पोरगी तरणी आहे, तिला महिन्याभरात दुसरीकडं काम मिळेल, असं काहीसं म्हणाला. मग म्हणाला, "तुला ह्या वयात कोण टेबल दील? आन् मला कोण इचारतंय?"

"तुमाला मी इचारते की," मेन म्हणाली. "घोटभर कॉफी घेता का?"

तो हसला नाही, पण पेला पुढं केला.

नऊ वर्षांत मी तिला कधी विचारलं नव्हतं ते तेव्हा विचारलं. पाकळी कशासाठी. ती तांदळातला खडा शोधावा तसं करत राहिली. मग सांगायला लागली. गावाच्या पूर्वेच्या टोकाला पूर्वी चुन्याची भट्टी होती, तिचा बाप त्या भट्टीवर. सात वर्षांची असल्यापासून ही ओहोटीला बापामागं पाण्यात उतरायची. बाप पहारीनं प्रवाळ फोडायचा, ही टोपलीनं डोक्यावरून वाहायची. गावातल्या अर्ध्या भिंती त्या चुन्यात उभ्या आहेत, शाळेच्या, देवळाच्या कोटाच्या, आणि ज्या भिंतीला पान सुमिती टेकून बसला होता तीसुद्धा. तेव्हा कुणाला त्यात काही वाटत नव्हतं. दगड तो दगड.

"भट्टीत घातली की कडाकडा वाजायची," ती म्हणाली. "बा म्हणायचा, वली हायती म्हणून वाजत्यात. मलाबी तसंच वाटायचं. मंग हितं कामाला लागले. पयल्याच दिशी मालकांनी टब म्होरं ठिवला, मी बोटानं वाजिवला, आन् ते आत गेलं. अंग चोरून घेतलं त्येनं. तवा माज्या ध्यानात आलं, आपुन काय वाहत हुतो ते."

तिनं सूप पुन्हा उचललं.

"किती टोपल्या आसतील त्येला गणती न्हाई. ती काय परत येत्यात? म्हणून येक पाकळी. लेकरू परक्या मुलखात निघालंय, त्येला मोकळ्या हातानं कसं वाटंला लावायचं?"

सकाळी मी तिच्याकडंच गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. रात्री झोप नीट लागली नव्हती एवढं खरं.

तिचं झाडांचं चाललं होतं. परसात एकच नारळ, वाऱ्यानं समुद्राकडं पाठ करून वाकलेला. तिनं बुंध्याला पेजेचा गोळा लावला, सुरीच्या पाठीनं बुंध्यावर तीनदा ठोकलं आणि म्हणाली, "आजोबा, वो आजोबा. आजपासनं पंचविसाव्या दिशी गलुंगन. समदे देव, समदे पितर घरी येणार. भरभरून फळा बरं का." आणि बुंध्यामागं जमिनीवर बसलेल्या पान सुमितीनं झाडाच्या वतीनं उत्तर दिलं, "फळतो गं बाये, फळतो. पर पेज जरा घट्ट करीत जा." दरवर्षी हाच खेळ. झाडाला बोलता येत नाही तर त्याच्या वतीनं कुणीतरी बोललं पाहिजे.

उरलेली पेज तिनं केळीच्या पानावर घेतली. ही शेडमधल्या टाकीपाशी ठेवायची. यावरून तिला सगळे चिडवायचे. प्रवाळ हा प्राणी आहे, त्याचा मान जनावरांच्या सणाला, झाडांच्या नव्हे, असं मी स्वतः तिला समजावलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि दोन्ही सणांना ठेवायला लागली. पुढं शहरात शिकणारी एक मुलगी बघायला आली होती. तिनं सांगितलं, प्रवाळ प्राणीच, पण त्याच्या मांसात बारीक बारीक झाडं राहतात आणि तीच त्याला जेवू घालतात. मेननं माझ्याकडं बघून नुसत्या भुवया उडवल्या होत्या.

त्या दिवशी तिनं देवळात जायची लेसची चोळी घातली होती, कमरेला पिवळी पट्टी बांधली होती. शेडमध्ये पेज ठेवली आणि तशीच चालत पाक मर्तांच्या घराकडं निघाली. मी मागोमाग.

पाक मर्ताही अंगणातल्या आंब्याला पेज लावत होते. तिला बघून हात पुसत आले. फोन खिशातून बाहेर डोकावत होता. दोन दिवसांत माणूस दोन वर्षांनी म्हातारा दिसत होता.

"पाक, ती पाकळी माजी," मेन म्हणाली. "लुहनं काय केल्यालं न्हाई. तिनं खोकं भरलं, झाकण मी घातलं."

पाक मर्तांनी फोन खिशात खाली ढकलला. मग म्हणाले, "त्या एकाच खोक्यात?"

"समद्या."

"सगळ्या म्हणजे बावीस?"

"समद्या म्हंजे नऊ वर्सं."

ते पायरीवर बसले. मनात काहीतरी मोजायला लागले असावेत आणि मध्येच सोडून दिलं असावं.

"ह्येला काय ठावं न्हवतं," मेननं माझ्याकडं मान वळवून सांगितलं. "कागद भरताना ह्यो बगत नसतो."

तिनं माझ्यासाठी खोटं बोलून टाकलं, देवळातले कपडे घालून. तेव्हा मला राहवलं नाही. मी म्हणालो, मला माहीत होतं. पहिल्या वर्षापासून.

"तू वाचता येणारा माणूस ना रे?" पाक मर्ता म्हणाले. एवढंच. पण अजूनही कागदावर सही करताना ते वाक्य माझ्या कानात येतं.

त्यांनी सांगितलं ते असं. लुहला कामावर परत बोलवायचं, निरोप मी द्यायचा. मेननं सोमवारपासून टेबलाला हात लावायचा नाही, टाक्या घासायच्या. आणि खोकी सुटल्यावर आतलं सगळं मेलेलं निघालं, तर मग टाक्यांचंही पुढं बघू, कारण हा खरेदीदार गेला तर शेडच राहते की नाही कुणास ठाऊक. ते हे रागानं म्हणाले नाहीत. थकून म्हणाले.

मेननं मान डोलावली. मग विचारलं, "खोकी कुटं ठिवल्यात? हिवात, का शेकोटीपाशी?"

पाक मर्तांना ते माहीत नव्हतं. कुणालाच माहीत नव्हतं.

"बाटल्या दोनच घातल्यात," ती परत येताना मला म्हणाली, आणि घर येईपर्यंत बोटांवर मोजत राहिली. मला कळलं तिचं काय चाललंय ते. दोन बाटल्या दीड दिवसाच्या हिशेबानं होत्या. आता तिसरा दिवस सरत आला होता, आणि पिशव्या अजून अंधारात उलट्या टांगलेल्या होत्या.

लुहकडं निरोप घेऊन मी गेलो तेव्हा ती मुलाला पाजत होती. मी सांगितलं, ये सोमवारी. तिनं विचारलं, मेननं सांगितलं ना? मी हो म्हटलं. "कशाला सांगितलं," ती म्हणाली, आणि मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

सोमवारी मेन नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी आली. कोपर पाण्यात बुडवलं. "बाटल्या दोन," म्हणाली. मग तिला आठवलं असावं, कारण तिनं कोपर पदराला पुसलं, कोपऱ्यातला ब्रश घेतला आणि मागच्या टाकीकडं गेली. टाकी रिकामी करून ती भिंतीवरचं शेवाळ घासायला लागली.

टेबलाशी तिघी बसल्या. मेनच्या स्टुलावर कुणी बसलं नाही, ते तसंच मधे राहिलं आणि सगळ्या त्याच्या कडेकडेनं वावरत राहिल्या. लहानशी ऑर्डर होती, गावाजवळच्याच एका हॉटेलची. लुहनं टब घेतला, कडेवर दोनदा टकटक केलं आणि पिशवी उघडली.

"मिटली न्हाईत अजून," टाकीच्या आतून आवाज आला. तिकडून टब दिसत नव्हता.

लुहनं पिशवी ठेवली, तिसऱ्यांदा टकटक केलं आणि हात मांडीवर ठेवून बसली.

दहाच्या सुमाराला पाक मर्ता आले. दारातूनच त्यांनी मेनला हाक मारली. ती ओल्या हातांनी येऊन उभी राहिली, ब्रश हातातच. रात्री पत्र आलं होतं. त्यांनी ते आमच्या भाषेत करून वाचून दाखवलं, अडखळत, कारण त्यांनाही ते दुसऱ्यांदा वाचल्याशिवाय पटत नव्हतं. नऊ नंबरचं खोकं तपासणीनंतर झाकण न लावता थंड गोदामात तसंच पडून होतं. त्यातलं एकही वाचलं नाही. बाकीची एकवीस खोकी बांधल्यापासून पंचाहत्तराव्या तासाला उघडली. खरेदीदारानं टाकून द्यायच्या मोठ्या पिशव्या आधीच आणून ठेवल्या होत्या. त्या लागल्या नाहीत. तीनशे अठ्ठ्याहत्तरपैकी सतरा मेली. बाकीची दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बोटं बाहेर काढून बसली होती. एवढ्या तासांनी आजवर त्यानं फक्त सडका रस्सा बघितलेला, असं त्यानं लिहिलं होतं. आणि शेवटी, हे बांधतं कोण? पुढचा सगळा माल त्याच हाताचा हवा. फक्त कृपा करून फूल नको.

 ऑक्सिजनच्या नळीची तोटी कुणीतरी अर्धवट बंद केली होती, ती सूं सूं वाजत होती.

"मी त्याला काय लिहू?" पाक मर्तांनी मेनला विचारलं.

"लिवा, हात त्योच हाय," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "फूल टेबलावरच ऱ्हाईल. त्येंच्या मुलखाचा नेम मोडायचा माजा इचार न्हवता."

पाक मर्ता मोकळं हसले, चार दिवसांत पहिल्यांदा. मेन हसली नाही. ती माझ्याकडं वळली.

"तुत, नऊमदी काय काय हुतं?"

मी वही उघडली. वाचून दाखवलं. हिरवी मशाल तीन, सोनेरी मशाल दोन, जांभळ्या टोकाची फांदी चार, हातोडी पाच, मेंदूसारखी वळ्यावळ्यांची तीन, आणि एक लाल, ज्याला आमच्याकडं नावच नाही, आम्ही नुसतं लाल म्हणतो. एकूण अठरा. ती एकेक ऐकत गेली, मान किंचित खाली घालून. बुडालेल्या होडीतल्या लोकांची नावं देवळाच्या अंगणात वाचतात तेव्हा बाया जशा उभ्या राहतात तशी.

"मी नीट बांधली हुती वो, मेन," लुह म्हणाली. हात ओले होते म्हणून तिनं नाक खांद्याला पुसलं.

"मला ठावं हाय," मेन म्हणाली. "झाकण घालताना मी बगितली न्हवती का? लालीला तू दोन रबरं लावलीस. चांगलं केलंस. ती जड आसती."

लुह तोंड फिरवून टबाकडं बघत राहिली. टबातली आता मिटली होती, पण ती अजून हात लावत नव्हती.

पाक मर्तांनी स्टूल पायानं पुढं सरकवलं. "बसा, मेन. पान सुमितीला सांगा, शुक्रवारपर्यंत चारशे चकत्या लागतील."

"चारशे म्हटलं की दोन दिस कुरकुर करतील. मंग आदीच कापून ठिवतील," ती म्हणाली. तिनं स्टुलाकडं बघितलं, मग हातातल्या ब्रशकडं. "पर ती टाकी अर्धी घासलीया. अर्धी टाकून उठले तर दुपारपत्तुर शेवाळ परत धरंल. लुह, तवर तू झाकणं घाल. शेवटचा कागद सुरकुतू द्यायचा न्हाई."

आणि ती मागं गेली, टाकीच्या कडेवर पोट टेकवून आत वाकली, आणि ब्रशचा खरखर आवाज पुन्हा सुरू झाला.